बॉम जीझसची वेदी आणि आपली नजर

जुन्या गोव्याहून परतलेल्या भाविकाला बॉम जीझस बासिलिकेविषयी विचारले, तर तो संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांविषयी भरभरून बोलतो. दर दहा वर्षांनी भरणारा दर्शनसोहळा, चांदीची पेटी, उन्हातली लांबच लांब रांग, सारे काही त्याच्या स्मरणात असते. मुख्य वेदीवर काय होते, असे विचारावे, तर 'सोनेरी होती' यापलीकडे त्याला फारसे सांगता येत नाही. यात त्याच्या श्रद्धेचा दोष नाही. चर्चमध्ये प्रार्थना कशी करावी हे आपल्याला लहानपणी शिकवले गेले; पाहावे कसे, हे मात्र कोणी शिकवले नाही.

या वास्तूची कोनशिला १५९४ मध्ये बसली आणि १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. दर्शनी भागाच्या माथ्यावर, जिथे साऱ्या रेषा जाऊन मिळतात, तिथे कोणाही संताची मूर्ती नाही. दगडात कोरलेली आय. एच. एस. ही तीन अक्षरे आहेत. 'मानवजातीचा तारक येशू' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे, असे आपण ऐकत आलो. हा अर्थ सुंदर असला तरी मागाहून जोडलेला आहे. मुळात ती ग्रीक लिपीतील येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरे होत. येशूसंघाने हे नावच आपले चिन्ह मानले. म्हणजे दारात उभ्या राहिलेल्या माणसाला ही वास्तू आधी एक नाव वाचून दाखवते, मग आत घेते.

खाली तीन दारे, त्यांच्यावर तीन खिडक्या, त्यांच्याही वर तीन वर्तुळाकार गवाक्षे. हे पवित्र त्रैक्याचे प्रतीक, असे वाटाडे ठामपणे सांगतात. मला इतका ठामपणा मानवत नाही. आत प्रशस्त सभागृह एकच आहे. तिन्ही दारे त्यातच उघडतात. तिहेरी मांडणी युरोपातील चर्चरचनेत रुळलेली होती, हेही तिचे कारण असू शकते. प्रत्येक तिनात त्रैक्य शोधू लागलो, तर जिथे ते खरोखर साकारले आहे तिथे आपली नजर थकलेली पोहोचते.

आणि ते साकारले आहे मुख्य वेदीवर. ही वेदी खालून वर वाचावी लागते. खाली बाळ येशूची छोटी मूर्ती. ज्याच्या नावाने हे चर्च आहे तो 'भला येशू' हाच. त्याच्या वर संत इग्नेशियस लोयोलाची भव्य मूर्ती. तिच्या वर तेजोवलयात पुन्हा तीच तीन अक्षरे, आणि सर्वांत वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. संस्थापक संत एवढा मोठा आणि बाळ येशू एवढा लहान, हे कसे? मागच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या आजीला इग्नेशियसच दिसणार, बाळ दिसणारच नाही. संघाचा अभिमान या प्रमाणात उतरला आहे, असे मला प्रांजळपणे वाटते. पण इग्नेशियसच्या चेहऱ्याकडे पाहावे. तो आपल्याकडे पाहत नाही. त्याची दृष्टी वरच्या नावावर खिळली आहे. त्याच्याकडे पाहणारा भाविक नकळत त्याच्या दृष्टीमागे वर जातो, नावापाशी पोहोचतो, आणि नावावरून त्रैक्यापाशी. जे प्रमाणाने बिघडले असते, ते मान वळवून शिल्पकाराने सावरले आहे. संताची मूर्ती वेदीवर का असावी, याचे याहून नेमके उत्तर मी कोणत्या प्रवचनात ऐकलेले नाही.

आपल्या धर्मग्रामांत सुवर्णमहोत्सव आला की वेदीमागे काय करावे यावर बैठका होतात. संगमरवर ठरतो, रंग ठरतो, दिवे ठरतात. मूर्तीची दृष्टी कुठे जाईल, हा विषय मात्र कार्यक्रमपत्रिकेवर नसतो.

बाहेरच्या भिंतींबाबतही आपण असेच फसलो आहोत. आज तांबडा जांभा हीच बॉम जीझसची ओळख झाली आहे. चित्रांत आणि पोस्टकार्डांवर तोच रंग. प्रत्यक्षात या भिंतींना चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, जीर्णोद्धाराच्या नावाखाली तो उतरवला गेला. सच्छिद्र जांभा तेव्हापासून पावसाचा मारा उघड्या अंगाने सोसतो आहे, आणि गिलावा पुन्हा द्यावा की नाही यावर गोव्यात वाद आहे. माझे मत द्यावा असेच आहे, आणि ते केवळ पावसासाठी नव्हे. फिकट भिंतींच्या संगतीत काळ्या दगडातील ते नाव किती ठळक उठून दिसत असेल! आज ते तांबड्या-काळ्या पसाऱ्यात शोधावे लागते.

दर्शनी भागावरील कोरीवकामाचा तो काळा दगड गोव्याचा नव्हे. तो वसईहून समुद्रमार्गे नेला, असे परंपरा सांगते. वसईच्या किल्ल्यातही येशूसंघीयांनी याच पवित्र नावाचे चर्च उभारले होते. त्याच्या भग्न भिंती आजही तिथे आहेत, रविवारी सायंकाळी सहज चालत जाता येईल इतक्या जवळ.