बरोबरी, पण कुणाची?

26 जुलै 2025 रोजी जॉर्जियातल्या बातुमी इथे महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीचा पहिला डाव झाला. पांढरी मोहरी नागपूरच्या दिव्या देशमुखकडे, काळी कोनेरू हंपीकडे. निकाल बरोबरी. एवढं वाचलं की आपण पान उलटतो. आमचं म्हणणं, तिथेच थांबायला हवं.

आधी ओपनिंग बघू. पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं काढलं, काळ्यानेही तेच केलं. मग पांढऱ्याने शेजारच्या उंटापुढचं प्यादं मारायला दिलं आणि हंपीने ते घेतलं. हेच ‘क्वीन्स गॅम्बिट ॲक्सेप्टेड’. नवशिक्याला वाटतं, प्यादं फुकट मिळालं! तसं नसतं. ते धरून बसलं की काळ्याची बाजू खिळखिळी होते. म्हणून जाणता खेळाडू ते परत जाऊ देतो आणि तेवढ्या वेळात आपली मोहरी बाहेर काढतो. किंमत मात्र पडतेच: पटाचा मध्य काही काळ पांढऱ्याच्या हाती जातो.

त्या डावात दिव्याने गुंतागुंत वाढवली. संगणकाच्या मोजणीनुसार डाव जिंकण्याजोगा झाला होता. चौदाव्या चालीच्या आसपास ती संधी निसटली. हंपी सावरली, आणि चालींची पुनरावृत्ती होऊन डाव सुटला. म्हणजे एकीने अर्धा गुण घालवला, दुसरीने अर्धा वाचवला. तक्त्यात मात्र दोघींपुढे सारखंच ‘अर्धा’!

पुढचा डावही बरोबरीत गेला. 28 जुलैला जलद डाव झाले. त्यातला पहिला पुन्हा बरोबरीत. दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि विश्वचषकाबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला. चारपैकी तीन डाव बरोबरीत! आपण लक्षात ठेवतो तो चौथा. पण पहिल्या डावात हंपीने तग धरला नसता, तर चौथ्याची वेळच कदाचित आली नसती. त्या बचावाचं कौतुक व्हायला हवं होतं, तेवढं आपण केलं नाही, असं आम्हाला वाटतं.

इथे राजगुरुनगरातही रविवारी स्पर्धेहून आलेल्या पोराला आपण विचारतो, “जिंकलास का हरलास?” ते म्हणतं, “ड्रॉ.” आपण म्हणतो, “बरं,” आणि विषय संपतो. त्याऐवजी चालींचा कागद मागा. विचारा, “डाव कुठे फिरला? तू वाचलास, की त्याला सोडलंस?” त्या उत्तरातूनच पोर खेळ शिकतं.