अंकीय उंची प्रतिमानांची अचूकता आणि उपग्रहीय लेसर उंचीमापन : एक चिकित्सक मूल्यमापन

प्रस्तावना :
भूपृष्ठाची उंची चौकटींच्या जाळीतून मांडणाऱ्या संगणकीय नकाशास अंकीय उंची प्रतिमान (डी. ई. एम.) असे म्हणतात. पूररेषा आखणे, धरणस्थळ निवडणे, समुद्रपातळीवाढीचा धोका मोजणे या कामांचा पाया म्हणजे हे प्रतिमान होय. फेब्रुवारी २००० मधील एस. आर. टी. एम. मोहिमेने ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण अक्षांशांदरम्यानच्या भूभागाची उंची रडारद्वारे मोजली. पुढे ॲस्टर, कार्टोसॅट-१ व टॅनडेम-एक्स यांवर आधारित प्रतिमाने उपलब्ध झाली. त्यांची अचूकता तपासण्यासाठी आइससॅट (२००३-२००९) व २०१८ मध्ये सोडलेल्या आइससॅट-२ या उपग्रहांच्या लेसर मापनाचा आधार घेतला जातो. या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संदर्भमापनाचे स्वरूप :
आइससॅटचा लेसर सेकंदाला ४० स्पंद सोडी. प्रत्येक स्पंदाचा जमिनीवरील ठसा सुमारे ७० मीटर व्यासाचा, तर दोन ठशांतील अंतर सुमारे १७० मीटर असे. आइससॅट-२ सहा किरणांनी सेकंदाला १०,००० स्पंद सोडतो. त्याचा ठसा सुमारे ११ मीटर व ठशांतील अंतर सुमारे ०.७ मीटर आहे. सपाट, उघड्या जमिनीवर हे मापन प्रतिमानांपेक्षा कितीतरी सूक्ष्म असते. परंतु ३० अंशांच्या उतारावर ७० मीटरच्या एकाच ठशात सुमारे ४० मीटर उंचीफरक सामावतो, तर ११ मीटरच्या ठशात सुमारे ६ मीटर. म्हणजेच डोंगराळ प्रदेशात मोजपट्टीच जाड होते. हा दोष प्रतिमानाच्या खात्यावर टाकणे न्याय्य ठरत नाही.

तुलनेतील प्रमुख दोष :
पहिला दोष आधारपातळीचा. एस. आर. टी. एम.ची उंची ई. जी. एम. ९६ या भूपातळीपासून, तर आइससॅट-२ची मूळ उंची डब्ल्यू. जी. एस. ८४ लंबगोलापासून मोजली जाते. भारताच्या दक्षिणेस हिंदी महासागरात या दोन पातळ्यांतील अंतर १०० मीटरहून अधिक आहे. त्यामुळे आधारपातळी एक केल्याविना केलेली वजाबाकी निरर्थक होय.

दुसरा दोष स्थाननिश्चितीचा. प्रतिमान उताराच्या दिशेने केवळ १० मीटर सरकलेले असल्यास ३० अंशांच्या उतारावर ५.८ मीटरची खोटी उंचीत्रुटी दिसते. म्हणून आधी दोन्ही माहितीसंचांची क्षैतिज जुळणी करणे आवश्यक ठरते.

तिसरा दोष काळाचा. हिमनदीवर २००० मधील रडारउंची व नंतरची लेसरउंची यांतील फरकात बर्फाची घट व बर्फात शिरलेल्या रडारलहरींचा परिणाम मिसळलेले असतात. स्थिर खडकावर ज्या फरकास ‘त्रुटी’ म्हणावे, त्यासच येथे ‘बदल’ म्हणावे लागते. हा भेद न करणारा अभ्यास प्रतिमानावर अन्याय करतो किंवा हिमनदीविषयी चुकीचा निष्कर्ष काढतो.

चौथा दोष स्वातंत्र्याचा. टॅनडेम-एक्स प्रतिमान जुळविताना आइससॅटचे बिंदू वापरले गेले होते. त्याच बिंदूंनी त्याची पुन्हा परीक्षा घेणे म्हणजे उत्तरपत्रिकेवरूनच प्रश्नपत्रिका काढणे होय.

एका आकड्याची मर्यादा :
एस. आर. टी. एम.चे उद्दिष्ट ९० टक्के विश्वासपातळीवर १६ मीटर होते. २००६ च्या मूल्यमापनात युरेशियासाठी ६.२ मीटर त्रुटी आढळली. हे यश निर्विवाद आहे. तथापि खंडव्यापी आकडा स्थानिक निर्णयास पुरेसा नसतो. व्हिएतनाममधील मेकाँग त्रिभुज प्रदेशाची सरासरी उंची एस. आर. टी. एम.वर आधारित अंदाजांनुसार सुमारे २.६ मीटर मानली जात होती. स्थानिक उंचीबिंदूंवर आधारित, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती सुमारे ०.८ मीटर आढळली. हा १.८ मीटरचा फरक जागतिक निकषाने ‘उत्तम’ ठरेल. मात्र एक मीटर समुद्रपातळीवाढीचा विचार करताना तोच फरक लक्षावधी लोकांना कागदावर सुरक्षित ठरवितो. रडारलहरी झाडांच्या शेंड्यांवरून व छपरांवरून परततात आणि आधारपातळी स्थानिक समुद्रपातळीशी जुळत नाही, ही अशा फरकामागील महत्त्वाची कारणे होत. पुढे आइससॅट-२च्या बिंदूंवरून सखल किनारी प्रदेशांचे स्वतंत्र प्रतिमान तयार करण्यात आले. येथे लेसर केवळ परीक्षक न राहता प्रतिमानाचा स्रोतच बनला.

निष्कर्ष :
१. लेसर उंचीमापन हे विश्वसनीय संदर्भमापन आहे. ते निरपेक्ष सत्य नव्हे. उतार व वनाच्छादन वाढते तशी त्याचीही त्रुटी वाढते.
२. आधारपातळी, क्षैतिज जुळणी व मापनकाळ यांचा उल्लेख नसलेला अचूकतेचा आकडा ग्राह्य धरू नये.
३. सरासरी त्रुटी उतार, वनाच्छादन व भूवापर यांनुसार विभागून द्यावी. टोकाच्या नोंदींनी विचलित न होणारी मध्यकाधारित मापेही सोबत द्यावीत.
४. प्रतिमान ‘अचूक’ आहे काय, यापेक्षा कोणत्या कामासाठी पुरेसे अचूक आहे, हा प्रश्न अधिक योग्य होय. दरीतील धरणासाठी चालणारी त्रुटी समुद्रकाठच्या गावाच्या नियोजनात चालत नाही.