सेवाक्षेत्राचा वाढता वाटा आणि विकासाची कसोटी : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण मराठी समाजाच्या आर्थिक धारणेचे सूत्र मानली जात असे. आज हा क्रम उलटलेला दिसतो. भारताच्या एकूण मूल्यवर्धनात सेवाक्षेत्राचा वाटा निम्म्याहून अधिक झाला असून या वाढीकडे विकासाची निर्विवाद खूण म्हणून पाहण्याचा प्रघात पडला आहे. महाविद्यालयीन अध्यापनातही हेच विधान बहुधा सिद्ध सत्य म्हणून मांडले जाते. तथापि २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ४६ टक्के श्रमिक शेतीत, तर सुमारे ३० टक्केच सेवाक्षेत्रात आहेत. उत्पन्न एका क्षेत्रात वाढते आणि माणसे दुसऱ्या क्षेत्रात राहतात, ही विसंगती वरील गृहीतकाची फेरतपासणी करावयास लावते. २०११ च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ लोकसंख्या असलेला व सुमारे ७९ टक्के ग्रामीण असलेला बुलढाणा जिल्हा या तपासणीसाठी उपयुक्त ठरतो.

त्रिक्षेत्र सिद्धांत व त्याची मर्यादा :

ॲलन फिशर (१९३५) आणि कॉलिन क्लार्क (१९४०) यांनी अर्थव्यवस्थेची प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक अशी विभागणी रूढ केली. उत्पन्न वाढते तसे श्रम शेतीकडून उद्योगाकडे व उद्योगाकडून सेवांकडे सरकतात, असा या मांडणीचा सारांश आहे. पाश्चात्त्य देशांच्या इतिहासाशी ती बऱ्याच अंशी जुळते. परंतु तिला सार्वत्रिक नियमाचे स्वरूप देणे योग्य नाही.

भारतीय खेड्यात सेवा शेतीनंतर आल्या नाहीत, त्या शेतीच्या पोटातच होत्या. सुतार, लोहार, न्हावी, परीट आदी बलुतेदार वर्षभर सेवा देत आणि त्याचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने घेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे, तिच्यातील दोषांसह, तपशीलवार वर्णन केले आहे. ही व्यवस्था जातीने बांधलेली व विषमतेवर उभी होती. म्हणून तिचा गौरव करण्याचे कारण नाही. मात्र सेवा ही विकासाची अखेरची पायरी आहे, या समजुतीला ती छेद देते.

दुसरा पुरावा खामगावचा आहे. १८५३ नंतर वऱ्हाड ब्रिटिश प्रशासनाखाली आला. पुढे खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून नावारूपास आली आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव ही रेल्वे शाखा सुरू झाली. दलाली, सावकारी, साठवण व वाहतूक या सेवा येथे झपाट्याने वाढल्या. सरकी काढणे व गाठी बांधणे एवढीच प्रक्रिया स्थानिक पातळीवर राहिली. सूत व कापड मुख्यतः बाहेर तयार झाले. म्हणजेच प्राथमिक क्षेत्रातून थेट तृतीयक क्षेत्राकडे जाणारा मार्ग या जिल्ह्याने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिला आहे. त्या मार्गाने व्यापार वाढला, पण मूल्यवर्धनाचा मोठा भाग जिल्ह्याबाहेर गेला. सेवांची वाढ आणि उत्पादकाची समृद्धी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातील बोध होय.

मोजमापाचा प्रश्न :

सेवाक्षेत्राच्या वाढीतील काही भाग केवळ नोंदीचा असतो. जगदीश भगवती यांनी १९८४ च्या लेखात दाखविल्याप्रमाणे, उत्पादनाच्या अंतर्गत होणारे काम बाहेरून विकत घेतले जाऊ लागले की त्याची गणना सेवा म्हणून होते. पूर्वी शेतकरी आपले धान्य पेवात वा कणगीत ठेवी आणि स्वतःच्या बैलगाडीने बाजारात नेई. आज तेच धान्य भाड्याच्या गोदामात राहते व भाड्याच्या टेम्पोने जाते. काम मूलतः तेच आहे. बदलली ती नोंदवही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण शेगावचे आहे. श्री गजानन महाराज संस्थानातील सेवेकरी पाळीपाळीने येऊन स्वच्छता, महाप्रसाद व दर्शनरांगेची व्यवस्था विनामोबदला सांभाळतात. तेथील शिस्त व स्वच्छता यांचा लौकिक राज्यभर आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या लेखांकनात ना-नफा संस्थांच्या विनामूल्य सेवेचे मूल्य तिच्यावरील खर्चाइतके धरले जाते. साहजिकच बिनपगारी श्रमाची किंमत शून्य ठरते. मंदिराबाहेरील लॉज, उपाहारगृह व ऑटोरिक्षा यांची कमाई मात्र सेवाक्षेत्रात मोडते. मराठीतील 'सेवा' हा शब्द दोन्हींना सामावून घेतो, आकडेवारी एकीलाच ओळखते. घरातील स्त्रियांच्या शुश्रूषेचे व संगोपनाचे श्रमही याच न्यायाने अदृश्य राहतात. अर्थात, भाविकांवर अवलंबून असलेला रोजगार प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी अशा गर्दीच्या काळात फुलतो व एरवी ओसरतो, हेही नजरेआड करता येत नाही.

उत्पादकाला धरून राहणारी सेवा :

बुलढाणा शहरात १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बुलढाणा अर्बन को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटीचे कार्य या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. ठेवी व कर्जे यांच्या जोडीला संस्थेने गोदामे उभारून शेतमालाच्या तारणावर कर्ज देण्याची पद्धत राबविली. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजनाही १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत याच तत्त्वावर चालते. सोयाबीनची काढणी दसरा-दिवाळीच्या सुमारास होते. एकाच वेळी आवक वाढून भाव पडतात आणि नेमकी तेव्हाच शेतकऱ्याला रोख रकमेची निकड असते. तारण कर्जामुळे निकड भागते व विक्री लांबविता येते. येथे साठवण आणि पतपुरवठा या दोन सेवा शेतकऱ्याच्या हातात थांबण्याची शक्ती देतात.

तथापि या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. भाव वाढलाच नाही तर व्याज व गोदामभाडे यांचा भार शेतकऱ्यावरच पडतो. ज्याच्याकडे विक्रीयोग्य वाढावा नाही असा अल्पभूधारक आणि ज्याच्याकडे जमीनच नाही असा शेतमजूर यांना तारण ठेवण्यास काही नसते. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) लिहिताना महात्मा फुले यांनी उत्पादक व त्याच्या श्रमावर पोसले जाणारे यांच्यातील दरीकडे लक्ष वेधले होते. आधुनिक सेवाक्षेत्राला तो प्रश्न आजही विचारावा लागतो. जिल्ह्यातील मेहकर व सिंदखेड राजा परिसरातून जाणारा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण लांबीने खुला झाला. त्यावरून मालाची गती वाढेल; मात्र माल कच्च्या स्वरूपातच जाणार असेल तर खामगावच्या इतिहासाची पुनरावृत्ती होईल.

निष्कर्ष :

सेवाक्षेत्राचा टक्केवारीतील वाटा हा विकासाचा पुरेसा निकष नाही. एखादी सेवा मूल्याचा किती भाग उत्पादकाकडे व जिल्ह्यात राखते, ती वर्षभराचा व सुरक्षित रोजगार देते काय, आणि तिची नोंद खऱ्या श्रमाचे प्रतिबिंब दाखविते काय, या तीन प्रश्नांवर तिचे मूल्यमापन व्हावयास हवे. रोजगाराच्या शोधात जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या पदवीधरांच्या दृष्टीने हा विषय केवळ सैद्धांतिक नाही. त्रिक्षेत्र सिद्धांत शिकविताना विद्यार्थ्यांपुढे खामगावचा बाजार, शेगावचा सेवेकरी आणि गोदामातील सोयाबीनचे पोते ठेवले, तर सिद्धांताचे बळ व त्याची उणीव ही दोन्ही त्यांना आपल्याच परिसरात तपासता येतील.