साडेतीन मिनिटांची भैरवी

संगीतावर लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. माझा धंदा संकेतस्थळे बांधण्याचा. पडद्यावर लोकांचे बोट कोठे थांबते आणि कोठून सटकते याचा हिशेब ठेवणे हा त्या धंद्याचा मोठा भाग. गेली काही वर्षे हाच हिशेब गाण्यालाही लागू झाला आहे, आणि तो लागू करणाऱ्यांत मीही एक आहे. कात्री चालवणाऱ्याने कापडाविषयी दोन शब्द बोलावेत, यात फारसे अनौचित्य नसावे.

‘रील’ आल्या आणि गाण्याचे तुकडे झाले, अशी तक्रार हल्ली सर्वत्र ऐकू येते. २०२० च्या जुलैमध्ये इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील सुरू केल्या, तेव्हा त्यांना पंधरा सेकंदांची मर्यादा होती. तेवढ्यात काय गाणार, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु गाणे आखूड झाले म्हणून ते बिघडले, हे निदान मला मान्य नाही. आखूडपणा आपल्या संगीताला नवा नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजान ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभी राहिली, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत होती. बैठकीत तासभर चालणारा पसारा तिने त्या तीन मिनिटांत बसवला, आणि शेवटी इंग्रजीत आपले नाव मोठ्याने उच्चारले. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तेथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे, एवढाच त्यामागचा व्यवहार. पण आज ती तबकडी ऐकताना वाटते की बाईने आपल्या कामाखाली सही केली आहे.

रीलमधल्या गाण्याखाली पुष्कळदा काय लिहिलेले असते, हे वाचकांपैकी तरुण मंडळींनी पाहिले असेल. ‘मूळ ध्वनी’ असे शब्द, आणि ज्याने तो तुकडा प्रथम चढवला त्याचे नाव. गाणारा कोण, राग कोणता, पेटी कोणाची, याचा पत्ता नसतो. हॅनोव्हरच्या कारागिराची अडचण सव्वाशे वर्षांनी आपल्या सर्वांची झाली आहे.

आता केसरबाईंच्या भैरवीकडे येतो. गोव्यातल्या केरी गावची ही गायिका, अल्लादियाखाँसाहेबांची शिष्या. तिच्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच. त्यांतली सुमारे साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाच्या दोन यानांबरोबर अवकाशात पाठवली. तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी. तिच्यावर साऱ्या पृथ्वीच्या संगीतातले सत्तावीस नमुने. पहिले व्हॉयेजर त्या वर्षीच्या सप्टेंबरात उडाले आणि त्याच महिन्यात केसरबाई वारल्या. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले. हे सारे अद्भुत आहे खरे, पण त्या अद्भुताचा आपल्याकडे इतका गजर होतो की भैरवी ऐकायचीच राहून जाते.

मी ती प्रथम ऐकली ती मोबाईलवर, रात्री साडेअकरा वाजता, लोकलच्या डब्यात. एका संग्राहकाने आपली जुनी तबकडी घासूनपुसून यूट्यूबवर चढवली होती, आणि खाली जाणत्या मंडळींनी तिच्या काळाविषयी सभ्यपणे वाद घातला होता. (समाजमाध्यमांना मी सरसकट शिव्या देत नाही तो यासाठीच. पूर्वी अशी तबकडी ऐकायची तर संग्राहकाच्या घरी ओळख काढून जावे लागे, आणि चहा होईपर्यंत त्याच्या कपाटाची स्तुती करावी लागे.) त्या भैरवीत मला जाणवली ती घाईची अनुपस्थिती. वेळ थोडा आहे हे गाणारीला पक्के ठाऊक आहे, तरी आवाज भरदार आकाराने उघडतो, शब्द पुन्हा येतात आणि दर वेळी निराळ्या वाटेने येतात. साडेतीन मिनिटे संपतात तेव्हा काही कापले गेले असे वाटत नाही. याचे कारण मला साधे दिसते. कापण्याचे काम गाणारीनेच, गाण्याआधी, स्वतःच्या मनात केले होते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हा निर्णय जिच्या गळ्यात राग मुरला होता तिचा होता. रीलमध्ये तो निर्णय भलत्याच्या हाती जातो, आणि बहुधा त्या भलत्यालाही कोणी आकडे पुरवत असतो.

हे आकडे कसे चालतात ते थोडक्यात सांगतो. स्पॉटिफायसारख्या सेवेवर गाणे तीस सेकंद वाजले की एक ‘ऐकणे’ धरले जाते. चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल पूर्ण ऐकलात तरी ते एकच ऐकणे, आणि एकतिसाव्या सेकंदाला गाणे बदललेत तरी तेही एकच. २०२४ पासून तर वर्षभरात हजार ऐकणी न झालेल्या मुद्रिकेला तेथे मानधनही मिळत नाही. अशा बाजारात शहाणा व्यापारी काय करील? ध्रुपद आधी आणील, वाद्यांची प्रस्तावना छाटील. चित्रपटगीताला हे एक वेळ सोसेल. पण ख्यालाची सुरुवात म्हणजे, आमच्या धंद्याच्या भाषेत, जेथे ‘काहीच घडत नाही’ अशी जागा. तंबोरा घुमतो आहे, गवई खाकरतो आहे, षड्ज लागतो आहे. ज्याला राग म्हणतात तो तेथेच उतरायला लागलेला असतो, पण आलेखावर ते दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने तिच्या संग्रहातल्या जुन्या बैठकी लोकांना ऐकता याव्यात म्हणून मला काम दिले. संकेतस्थळ झाले. महिन्याभराने आलेख काढला तर बरेचसे श्रोते पहिल्या मिनिटाच्या आतच निघून गेलेले. मी सल्ला दिला, की सुरुवातीचा तंबोरा आणि पहिली आलापी काढून बंदिशीच्या तोंडापासून सुरू करा. कोणी हरकत घेतली नाही. माझ्याजवळ आलेख होता ना! आलेख वर गेला, पैसे वेळेवर मिळाले, आणि कौतुकाने मी त्यांतली एक बैठक आईला ऐकवली.

आई लग्नाआधी सहा वर्षे गाणे शिकली होती. ती बैठक तिने तरुणपणी समोर बसून ऐकलेली, आणि कोणीतरी उतरवून दिलेली तिची कॅसेटही तिच्याजवळ होती, हे मला माहीत नव्हते. तिने दोन मिनिटे ऐकले आणि विचारले, “अरे, बाईंनी सूर लावायच्या आधीच गाणं कसं सुरू झालं?”

मी आलेखाविषयी सांगू लागलो. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “जे उठून गेले ते गेले रे. पण जे बसून राहिले त्यांचं तू काय काढून घेतलंस, ते बघ.”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आलेखावर उठून जाणाऱ्यांची रेघ असते. बसून राहिलेल्यांना काय मिळाले याची रेघ काढण्याचे साधन आमच्याकडे नाही, आणि ते करण्यासाठी कोणी पैसे देईल असेही वाटत नाही. मी संस्थेला पत्र लिहून मूळ ध्वनिमुद्रण परत लावण्याची विनंती केली. विनामूल्य करून देतो म्हणालो. आलेख चांगला आहे, तो बिघडवू नये, असे उत्तर आले. माझेच शब्द मला परत मिळाले. ती बैठक तेथे अजून तशीच आहे, डोके नसलेली.

गेल्या नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान, फराळ सारे उरकल्यावर मी माळ्यावरून जुने कॅसेटचे यंत्र काढले आणि आईची ती कॅसेट लावली. फीत ओढली जात होती. सूर असायला हवा त्याहून बराच खाली उतरला होता. आधी बराच वेळ नुसता तंबोरा, कोणाचे तरी खोकणे, कपबशीचा आवाज. माझा हात सवयीने पुढे सरकवण्याच्या बटनाकडे गेला होता. तेवढ्यात आई उठली, कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी तिने काढली, आणि त्या उतरलेल्या पट्टीत तारा जुळवायला बसली.