जास्त वाजली तीच झिजली

पावसाळा सरला की विजयदुर्गात माळ्यावरच्या ट्रंका उन्हात निघतात. आमच्या ट्रंकेत आजोबांच्या सत्तावीस तबकड्या आहेत. मुंबईच्या गिरणीतून गावी येताना बोटीतून, कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून, एकेक करून आणलेल्या. नाट्यपदांच्या दोन अजून आरशासारख्या चकचकीत आहेत. लावणीच्या राखाडी पडल्यात, एकीवर तर सुईनं चर खणलाय. घरात खरोखर काय ऐकलं गेलं, हे त्या राखाडी रंगावरून कळतं.

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या पुनरुज्जीवनाबद्दल माझी तक्रार इथूनच सुरू होते. संग्राहक स्वच्छ प्रत शोधतो, आणि स्वच्छ प्रत उरते ती कमी वाजलेल्या गाण्याची. ज्यावर माणसं नाचली, ते गाणं झिजून गेलं.

काम झालं नाही असं नाही. १९९०मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून डॉ. सुरेश चांदवणकर आणि इतरांनी तबकड्यांचे क्रमांक, गायकांची चरित्रं, कंपन्यांचे इतिहास चिकाटीनं जमवले. विक्रम संपत यांच्या आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिकनं बंगळूरमधून शेकडो जुने आवाज मोफत ऐकण्याजोगे केले. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गसमोर गायलेली गौहरजान आज कुणालाही ऐकता येते, ती अशाच लोकांमुळे. पण या साऱ्या कष्टांचा ओढा बैठकीकडे आणि रंगभूमीकडे आहे. ख्याल, ठुमरी, बालगंधर्व यांच्या याद्या भरत जातात. लावणी, कोळीगीतं, गोव्याच्या बँडची गाणी मागं राहतात. बैठकीचं गाणं जपायचं आणि नाचाचं वाजवून टाकायचं, ही प्रतिष्ठेची उतरंड आपण संग्रहातही जशीच्या तशी नेली.

असंच दक्षिण आफ्रिकेत घडलं. सोन्याच्या खाणींसाठी जोहान्सबर्गला आलेल्या माणसांच्या वस्त्यांतून माराबी, क्वेला, म्बाकांगा असे नाचाचे प्रकार निघाले. गिरणगावात कोकणी माणूस भजन, नमन, दशावतार घेऊन आला, त्या हालचालीशी याचं जवळचं नातं आहे. माराबी तिथल्या गुत्त्यांत रात्रभर वाजायचं, आणि मूळ रूपात ते जवळजवळ ध्वनिमुद्रित झालंच नाही. १९३९मध्ये तिथल्याच सॉलोमन लिंडा या गायकानं ‘म्बुबे’ गायलं, किरकोळ रकमेत हक्क गेले, गाणं जगभर फिरलं आणि लिंडा १९६२मध्ये गरिबीत वारला. त्याच्या मुलींना तडजोडीचे पैसे मिळाले २००६मध्ये. पण १९८५चा ‘द इन्डिस्ट्रक्टिबल बीट ऑफ सोवेटो’ हा संग्रह निघाला तेव्हा जगानं म्बाकांगा कान देऊन ऐकलं. नाचाचं गाणं नाचाचं म्हणूनच मांडलं गेलं, हे मला त्यातलं मोलाचं वाटतं.

आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं उदाहरण गोव्याचं आहे. मडगावचा संगीतकार ख्रिस पेरी (१९२८–२००२) आणि गायिका लोर्ना कोर्देरो यांनी मुंबईत राहून कोंकणी गाण्यांना बँडचा ठेका दिला. पुढं लोर्ना दोन दशकांहून जास्त काळ गप्प राहिली. बार्द्रोय बारेतो यांच्या ‘नाचुंया कुंपासार’ या चित्रपटानं ती गाणी पुन्हा माणसांच्या तोंडी आणली, पण ती नव्यानं ध्वनिमुद्रित करून. ती प्रेमानं वाजवली आहेत, मीही ऐकताना पाय आवरू शकलो नाही. तरी मूळ एच.एम.व्ही.च्या तबकडीवरचा तो आवाज, तो ट्रम्पेट ही वेगळी वस्तू आहे. पुन्हा वाजवणं म्हणजे डागडुजी नव्हे. पडक्या तटाशेजारी नवा तट बांधला, म्हणून जुना वाचत नाही.

डागडुजीतले धोके नाचाच्या गाण्याला जास्त आहेत. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत लाख असते. जगभर ती लाख मुख्यतः आपल्याच जंगलांतून जायची. ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते. बुरशी घालवायला म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवून किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांनी तबकड्या स्वतःच मारल्या आहेत. साधं शुद्ध पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढं पुरतं. मग सुई. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी घरंगळते. थोडी जाड सुई घेतली, तर न झिजलेल्या भिंतीला टेकते आणि चर पडलेल्या तबकडीतूनही गाणं उठतं. वेगही दर वेळी ७८ नसतो. तो चुकला की काळी पाचची बाई काळी चारची होऊन बसते.

खरा घात पुढं संगणकावर होतो. खरखर जिथं असते, तिथंच घुंगरू असतात, झांज असते. खरखर उपसून काढली की घुंगरू जातात. तडतड काढणाऱ्या यंत्रणेला ढोलकीची चाटीची थापही ओरखडाच वाटते. १९२५नंतर माइकवर ध्वनिमुद्रण होऊ लागलं, तेव्हा कुठं ढोलकी तबकडीवर नीट उमटली. तीच आपण शंभर वर्षांनी पुसतो आहोत. ख्यालाला हा उपचार सोसतो, लावणीला सोसत नाही. ‘स्वच्छ’ केलेल्या लावण्या ऐकताना मला नाचणारी बाई खोलीबाहेर उभी केल्यासारखी वाटते.

आणि नावं. गायिकेचं नाव लेबलवर असतं, ढोलकीवाल्याचं क्वचितच. प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी ध्वनिमुद्रण कायद्यानं मोकळं होतं, म्हणजे ७८च्या बहुतेक लावण्यांची ध्वनिमुद्रणं आज मोकळी आहेत. मोकळ्या झालेल्या गाण्यात वादक कोण होता, हे शोधणं मात्र कुणी अंगावर घेत नाही. तमाशाच्या फडांतली, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली म्हातारी माणसं अजून सांगू शकतात. त्यांना आज विचारायला हवं.

गेल्या दिवाळीत ती चर पडलेली तबकडी मी जाड सुईवर उतरवली. खरखर तशीच ठेवली, फक्त मोठे तडे काढले. पडवीत शेजारची काकी तांदूळ निवडत होती. दुसऱ्या कडव्याला तिचा हात थांबला.

“ह्येच्यार आमी रातभर नाचलंव,” ती म्हणाली. मग ढोलकीवाल्याचं नाव काय असेल म्हणून मी विचारलं, तेव्हा तिनं मला गप्प केलं, कारण घुंगरू सुरू झाले होते.