दोन दिवसांची विलायत

चांदवडचे एक निवृत्त गुरुजी गेल्या वर्षी इंग्लंडमध्ये रेडिंग येथे लेकीकडे राहून आले. एका शनिवारी त्यांनी ऑक्सफर्ड पाहिले आणि दुसऱ्या दिवशी, सकाळची मिस्सा आटोपून, विंचेस्टर. या दोन दिवसांवर त्यांनी चाळीस पानांचे प्रवासवर्णन लिहिले असून ते या त्रैमासिकासाठी आमच्या हाती दिले आहे. गुरुजींनी तीस वर्षे हायस्कुलात मराठी शिकविले. अक्षर मोत्यासारखे, शुद्धलेखन निर्दोष. छापा अगर न छापा, परंतु जे वाटेल ते उघडपणे लिहा, असे त्यांनी स्वतःच सांगितले. नाव तेवढे घालू नका म्हणाले. तेव्हा स्नेह बाजूला ठेवून लिहीत आहोत.

विलायतेच्या प्रवासवर्णनांचा मराठीत तुटवडा नाही. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, आणि तेथून सदाशिव पांडुरंग केळकरांना लिहिलेले त्यांचे पत्र त्याच वर्षी 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून प्रसिद्ध झाले. पुढे चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात त्या संस्कृत शिकवीत. म्हणजे शिक्षकी पेशाचे मराठी माणूस आणि इंग्लंड ही गाठ जुनीच आहे. 1960 साली पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' पुस्तकरूपाने आली आणि त्यानंतरचा जवळजवळ प्रत्येक प्रवासी पुलंच्या चष्म्यातून विलायत पाहू लागला. पुल स्वतःला हसत. त्यांचे अनुयायी विमानातील जेवणाला आणि थंडीला हसतात. गुरुजींच्या चाळीस पानांतील पहिली नऊ अशाच विनोदांत गेली आहेत. ती काढून टाकावीत. त्यांच्यावाचून वाचकाचे काहीही अडणार नाही.

उरलेल्या पानांतील मोठा भाग मोजमापाचा आहे. कोणती इमारत कोणत्या साली बांधली, तिची लांबी किती, मनोरा किती उंच, तिकीट किती पौंड आणि त्याचे रुपये किती होतात. या दोषाबद्दल आम्ही गुरुजींना फारसे बोलू शकत नाही. 2000 सालच्या ज्युबिलीत आम्ही रोमला गेलो होतो. परतल्यावर जे लिहिले त्यात संत पेत्राच्या महामंदिराची लांबी-रुंदी तेवढी होती. ते लिखाण आजही आमच्या कपाटात आहे आणि तेथेच राहील.

मोजमाप हा आळस झाला. ऑक्सफर्डच्या भागात मात्र त्याहून गंभीर चूक झाली आहे. ब्रॉड स्ट्रीटवर, बेलियल कॉलेजच्या समोर, रस्त्यातच दगडांचा एक क्रूस बसविलेला आहे.  गुरुजींनी तो पाहिला, हे त्यांच्या नजरेचे श्रेय. पण पुढे ते लिहितात की, येथे आपल्या श्रद्धेसाठी आपल्या माणसांना जिवंत जाळण्यात आले, आणि आपले डोळे भरून आले.

वस्तुस्थिती निराळी आहे. 16 ऑक्टोबर 1555 रोजी येथे जाळले गेले ते ह्यू लॅटिमर आणि निकोलस रिडली, आणि 21 मार्च 1556 रोजी थॉमस क्रॅन्मर. तिघेही प्रॉटेस्टंट पक्षाचे बिशप. त्यांना जाळणारी राजसत्ता मेरी राणीची, म्हणजे कॅथलिक. हे आम्ही गुरुजींना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फादर, तो परिच्छेद खोडून टाका."

आम्ही तो खोडलेला नाही. त्यांच्या चुकीत आमचाही वाटा आहे. वर्षानुवर्षे आम्ही प्रवचनांतून इंग्लंडच्या हुतात्म्यांच्या कथा सांगत आलो आहोत: 1535 साली शिरच्छेद झालेले थॉमस मोर, 1586 साली यॉर्क येथे दगडांच्या ओझ्याखाली चिरडून मारली गेलेली मार्गारेट क्लिदरो, ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजातून बाहेर पडून 1581 साली टायबर्नच्या फासापर्यंत गेलेले एडमंड कॅम्पियन. या सर्व कथा खऱ्याच आहेत. पण दुसऱ्या बाजूच्या चिता आम्ही कधी सांगितल्या नाहीत. मग आमच्या श्रोत्याला परदेशात हुतात्म्याचा क्रूस दिसला, तर तो आपलाच असणार असे त्याने का समजू नये? त्याच शहरातील सेंट मेरी या विद्यापीठाच्या चर्चमध्ये, जेथे संत जॉन हेन्री न्यूमन कॅथलिक होण्यापूर्वी 1843 पर्यंत धर्मोपदेशक होते, दोन्ही पक्षांच्या हुतात्म्यांची नावे एकाच फलकावर कोरलेली आहेत. गुरुजी त्या चर्चमध्ये जाऊन आले. लिहिले ते मनोऱ्यावरून दिसणाऱ्या देखाव्याविषयी. आमची मागणी एवढीच की, भरून आलेले डोळे तसेच राहू द्यावेत, आणि ते कोणासाठी भरले होते हे कळल्यावर मनात काय झाले तेही लिहावे. ते लिखाण कठीण जाईल. पण या चाळीस पानांत लिहिण्याजोगे असे पहिल्यांदा काही असेल तर तेच.

विंचेस्टरच्या भागात एक ठरावीक वाक्य आहे, जे मराठी प्रवासवर्णनांत हटकून येते: इंग्रजांनी आपला वारसा जपला, आपल्याकडे अनास्था. चांदवडच्या माणसाने अनास्थेबद्दल बोलावे हे खरे. होळकरांचा रंगमहाल, त्याचे कोरीव लाकडी खांब आणि विटत चाललेली भित्तिचित्रे आम्हीही पाहतो. परंतु इंग्रजांनी जपले म्हणताना काय मोडले तेही पाहावे. विंचेस्टरच्या महामंदिरात संत स्विदन यांची समाधी होती, शतकानुशतके यात्रेकरू येत. 1538 साली राजाज्ञेने ती फोडण्यात आली. पश्चिमेकडील प्रचंड खिडकीची रंगीत काच 1642 मध्ये पार्लमेंटच्या सैनिकांनी चुरा केली. लोकांनी ते तुकडे गोळा करून ठेवले आणि पुढे राजसत्ता परत आल्यावर जसे हाती लागले तसे खिडकीत बसविले. आजही तेथे सलग चित्र नाही. कोठे चेहऱ्याचा तुकडा, कोठे वस्त्राची घडी. गुरुजींनी या खिडकीला 'आधुनिक पद्धतीची नक्षी' म्हटले आहे! ज्याच्या गावी रेणुकामातेला येणारी यात्रा भरते, त्याला फोडलेली समाधी आणि जपलेला काचेचा चुरा यांवर दोन पाने सहज लिहिता आली असती.

आणि आता ज्या गोष्टीने आम्हांस खरोखर चुटपुट लागली ती. महामंदिरापासून चालत काही मिनिटांवर विंचेस्टर कॉलेज आहे, 1382 साली स्थापन झालेले. गुरुजी त्याच्या दारावरून गेले. फादर थॉमस स्टीफन्स हे या शाळेचे विद्यार्थी असावेत, असे अभ्यासक मानतात. तेच फादर स्टीफन्स, ज्यांच्या ख्रिस्तपुराणातील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या गुरुजींनी पिढ्यान्पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतल्या. विल्टशायर परगण्यात जन्मलेला हा तरुण एप्रिल 1579 मध्ये लिस्बनहून निघाला आणि 24 ऑक्टोबरला गोव्यास पोहोचला. तो परत गेला नाही. चाळीस वर्षांनी, 1619 साली, गोव्यातच देह ठेवला. 1616 साली रायतूरला छापले गेलेले त्याचे पुराण सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. त्याचा मित्र थॉमस पाउंड याच्यासह त्याने येशूसंघात जाण्याचा बेत केला होता. पाउंडला निघण्यापूर्वीच अटक झाली आणि त्याची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगांतून गेली.

गोव्यास पोहोचल्यावर पंधरवड्याने स्टीफन्सने लंडनला वडिलांना पत्र लिहिले. ते उपलब्ध आहे, आणि प्रवासवर्णन लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे. त्यात स्वतःच्या थोरवीचे काही नाही. पूर्व-पश्चिम दिशेने जहाज किती आले हे समजण्यासाठी आकाशात स्थिर खूण नाही, म्हणून खलाशी कसे अडतात. लांबच्या सफरीत माणसांच्या हिरड्या कशा सुजतात, पाय कसे फुगतात. कोणते पक्षी दिसले की कोणती भूमी जवळ आली समजावे. जे पाहिले ते समजून घेतले आणि ज्याला ते कधी दिसणार नाही अशा बापाला समजेल असे सांगितले. आम्ही हे बोललो तेव्हा गुरुजींनी कपाळावर हात मारला. "पुस्तकात गोव्याचे जेझुईट एवढेच होते हो!" हा दोष एकट्या गुरुजींचा नव्हे, हे खरे.

एवढे कठोर लिहिल्यावर, जे चांगले आहे तेही सांगितले पाहिजे; आणि ते फार चांगले आहे. विंचेस्टरचे महामंदिर दलदलीच्या भूमीवर उभे असल्याने खचू लागले, तेव्हा 1906 ते 1911 या काळात विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या रोज भिंतीखालच्या काळ्याभोर पाण्यात उतरून, हाताने चाचपडत, पायात काँक्रीटची पोती रचत होता. अशी 25 हजारांहून अधिक पोती त्याने रचली. गुरुजींचे वडील विहिरी खोदीत. गढूळ पाण्यात उतरलेल्या माणसाला वरच्यांचा आवाज कसा ऐकू येतो, दोर कितीदा ओढला म्हणजे काय समजायचे, वर आल्यावर उजेड कसा टोचतो, हे त्यांना घरातून ठाऊक आहे, आणि येथे त्यांची लेखणी एकदम खरी होते. वॉकरचा पुतळा म्हणून पूर्वी जो बसविला होता, त्याला चुकून अभियंता फ्रान्सिस फॉक्स यांचा चेहरा दिला गेला होता. 2001 साली तो बदलण्यात आला. गुरुजींनी याची नोंद केली आहे, आणि खाली एकच वाक्य: आमच्या वडिलांचा तर फोटोसुद्धा नाही.

दुसरा उतारा सायंप्रार्थनेचा. त्या रविवारी संध्याकाळी ते अँग्लिकन उपासनेला मागच्या बाकावर बसले. गायकवृंदाचे इंग्रजी कळेना. मग ते ओठांतल्या ओठांत आईने शिकविलेली रोजरी मराठीत म्हणू लागले, आणि मणी बोटांवर मोजले. आपले चुकले तर नाही ना, असे त्यांनी कंसात आम्हांला विचारले आहे. 29 मे 1982 रोजी कँटरबरीच्या महामंदिरात, संत थॉमस बेकेट यांचा वध झाला त्या जागी, पोप दुसरे जॉन पॉल आणि आर्चबिशप रॉबर्ट रन्सी शेजारी शेजारी गुडघे टेकून बसले होते. गुरुजी, आपले काही चुकले नाही.

हस्तलिखित पेन्सिलीच्या खुणांसह चांदवडला परत पाठविले आहे, सोबत आमची ख्रिस्तपुराणाची प्रत. पाणबुड्याचा आणि सायंप्रार्थनेचा उतारा तेवढा आम्ही ठेवून घेतला आहे. दोन्ही मिळून साडेतीन पाने होतात. पुढील अंकात ती जशीच्या तशी छापू.