आरंभीचे शून्य : 'लिबफोननंबर'चे एक परीक्षण

दूरध्वनी-क्रमांक अंकांनी लिहिला जात असला, तरी तो परिमाण दर्शवीत नाही. ते अंकचिन्हांनी घडलेले नाम होय. त्याच्या रूपांचा विचार म्हणूनच गणितापेक्षा व्याकरणाच्या कक्षेत अधिक येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या शिफारशीने देशसंकेतासह पंधरा अंकांची कमाल मर्यादा घातली आहे. लेखनाचे संकेत ई.१२३ मध्ये आहेत : आंतरराष्ट्रीय रूपाच्या आरंभी अधिकचिन्ह आणि अंकगटांमध्ये मोकळी जागा.

गूगलचा 'लिबफोननंबर' हा संगणक-आज्ञावलींचा मुक्तस्रोत संग्रह एकाच क्रमांकाची राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय रूपे त्या त्या देशाच्या नियमांनुसार सिद्ध करतो. हा त्याचा मोठाच गुण मानावयास हवा; कारण हे नियम सर्वत्र सारखे नाहीत. पुण्याचा क्रमांक देशात ०२० ने, तर परदेशासाठी +९१ २० ने लिहिला जातो. येथील शून्य केवळ उपसर्ग आहे. संदर्भ पालटताच ते गळते. इटलीत मात्र १९९८ पासून शून्य प्रकृतीचाच अंश झाले असून रोमचा क्रमांक परदेशातूनही +३९ ०६ असाच लिहावा लागतो. तेथील भ्रमणध्वनी-क्रमांक ३ ने आरंभतात व त्यांना शून्य नसते. तेव्हा शून्य सरसकट गाळणे जितके सदोष, तितकेच ते देश पाहून सरसकट जोडणेही सदोष ठरते.

संग्रहाची उणीव याच ठिकाणी आहे. त्याने राष्ट्रीय क्रमांक पूर्णांक म्हणून साठविला आणि पूर्णांकात आरंभीचे शून्य टिकत नाही. हरवलेले शून्य परत मिळावे म्हणून 'इटालियन आरंभशून्य' या नावाची वेगळी नोंद ठेवावी लागली; शून्ये एकाहून अधिक असल्यास ती किती, हे सांगणारी आणखी एक नोंद आली. नाव इटलीचे असले, तरी अपवाद निर्माण झाला तो मूळ गृहीतकामुळे.

या नोंदींमुळे संग्रहातून मिळणारी रूपे शुद्ध असतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु स्वतःची प्रणाली रचणाऱ्याने त्याच्या साठवणीचा कित्ता गिरवू नये. ई.१६४ रूप अंकचिन्हांची माला, म्हणजेच स्ट्रिंग, म्हणून जपावे आणि राष्ट्रीय रूप दाखवितेवेळी सिद्ध करावे. अन्यथा शून्य निरर्थक समजून पुसले जाईल, आणि रोममधील माणसाशी संपर्क साधण्याचा मार्ग त्या एका चिन्हाबरोबर नाहीसा होईल.